राग, दुःख आणि नफ्स

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात बांधावरून किंवा पाण्याच्या पाळीवरून दोन भावांत अबोला धरला जातो, तेव्हा मध्यस्थांना एक उत्तर हमखास मिळते: "मनात होते ते बोलून टाकले, मी असाच आहे." आता या उत्तराला मानसशास्त्राचा आधारही दिला जातो. त्यामागील दोन गृहीतके तपासणे अगत्याचे आहे.

पहिले गृहीतक असे की, राग बाहेर काढला की ओसरतो. ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ साली कोंडलेल्या भावनांना वाट करून देणारा उपचार मांडला. लोकव्यवहारात त्याचा अर्थ 'राग काढून टाका' एवढाच उरला. परंतु अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्याला आठवत पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग स्वस्थ बसलेल्यांपेक्षा जास्त आढळला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर शिकविले आहे की, राग आल्यास उभा असलेल्याने बसावे, तरीही न शमल्यास आडवे व्हावे.

दुसरे गृहीतक असे की, मला जे वाटते तोच खरा मी. कुरआनात मात्र नफ्सच्या तीन अवस्था आल्या आहेत: वाइटाकडे ओढणारा अम्मारा (१२:५३), स्वतःला दोष देणारा लव्वामा (७५:२) आणि शांत झालेला मुतमइन्ना (८९:२७). चिथावणी आणि तिला टोकणे, दोन्ही एकाच माणसात घडते. मग केवळ चिथावणीलाच 'मी' का म्हणावे?

याचा अर्थ भावना दडपाव्यात असा नव्हे. पुत्र इब्राहीम यांच्या निधनसमयी प्रेषितांचे (स.) डोळे पाणावले होते. ह. याकूब (अ.) यांचे डोळे शोकाने पांढरे झाले, तरी ते सब्र करणारेच ठरले. दहाव्या शतकातील विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी कारण ठाऊक असलेले दुःख व अकारण वाटणारे दुःख वेगळे करून दुसऱ्याचे मूळ शरीरात शोधले. म्हणून दीर्घकाळच्या उदासीनतेला ईमानाची उणीव समजू नये. डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे.

आणि अबोल्याचे काय? तीन दिवसांहून अधिक काळ भावाशी संबंध तोडणे मुसलमानास वैध नाही, असे हदीस सांगते. रागाला शरीअतने तीन दिवस दिले आहेत, चौथा दिला नाही. त्या दिवशी मन तयार होण्याची वाट न पाहता सलाम करावा. सलामात पुढाकार घेणाराच दोघांत श्रेष्ठ होय.