मुकादम शाबास म्हणत नाही

पहाटे थंडीत ऊसतोड सुरू होते. नवरा ऊस तोडतो. बायको मोळ्या बांधते. दोघे मिळून एक कोयता. गाडी भरते. मुकादम येतो, गाडीकडे बघतो आणि पुढे जातो. ‘बरं झालं’ एवढेही म्हणत नाही. पण एक मोळी सैल राहू द्या, लगेच ओरडतो.

मग मन खट्टू होते. माणूस म्हणतो, “एवढं राबून काय उपयोग? याला काही दिसतच नाही.” आणि हात ढिला पडतो.

मंडळी, जरा विचार करा. तोडलेला ऊस लवकर गाळावा लागतो. उशीर झाला की त्यातली साखर घटते. म्हणून कारखाना मुकादमाच्या मागे लागतो, आणि मुकादम टोळीच्या. त्याचा डोळा चुकीवरच असतो. तो गप्प राहिला, म्हणजे काम वाईट झाले असे नव्हे.

काम चांगले झाले, हे आपले आपल्यालाही कळते. ऊस जमिनीलगत तुटला का? बुडख्यात साखर जास्त असते. वाढे नीट छाटले का? पाचट निघाले का? मोळी घट्ट आहे का? चारही गोष्टी झाल्या, तर काम चोख झाले.

तरी शंका असेल तर विचारा. गाडी गेल्यावर, मुकादम निवांत असताना विचारा. “काम कसं वाटतं?” असे विचारले तर तो “ठीक” म्हणेल आणि चालू लागेल. त्यापेक्षा म्हणा, “मुकादम, बुडखा कुठं राहतोय का? दाखवा, उद्या खालून तोडतो.” नेमके विचारले, की नेमके उत्तर मिळते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. शाबासकी वेगळी आणि हिशेब वेगळा. शाबासकी नाही मिळाली, तर पोट मारले जात नाही. हिशेब चुकला, तर घर बुडते. कारखान्याच्या काट्यावर आधी भरलेली गाडी चढते, मग रिकामी. दोन वजनांतला फरक तो उसाचा. तो आकडा विचारा आणि लिहून ठेवा. घेतलेली उचलही लिहा. आता तुम्हाला लिहिता येते!

शिवीगाळ आणि मारहाण मात्र सोसू नका. कमी बोलणे हा स्वभाव असेल. हात उगारणे हा गुन्हा आहे.

आणखी एक. कोयता दोघांचा, पण हिशेब बहुतेक नवऱ्याच्याच नावाने होतो. बायकोच्या कष्टाला कोण शाबास म्हणतो? मुकादमाचे तोंड आपल्या हातात नाही, आपले आहे. संध्याकाळी तिला म्हणा, “आज मोळ्या झकास बांधल्यास.” आणि वही दोघांनी मिळून लिहा.

हे करा : वहीत चार रकाने आखा. तारीख, गाडी, वजन, उचल. आजपासून रोज भरा.