ठरावबहीतून गाव गेलं कुठे?

पारनेर तालुक्यातल्या, पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचा मी ११ वर्षं सचिव होतो. चूक आमच्या हातून झाली, म्हणून सांगतो.

आमची पहिली ठरावबही अजून माझ्याकडे आहे. तिच्यातले विषय असे : वरच्या वाडीचा बांध कुणी फोडला, चराईबंदी मोडणाऱ्याला काय सांगायचं, श्रमदानाला कोण आलं नाही. बैठक मारुतीच्या पारावर व्हायची. बाया विश्वस्तांना उभं करून हिशेब विचारायच्या.

मग एका सरकारी योजनेचं काम मिळालं, पाठोपाठ दुसरं. चार वर्षांत दहातले नऊ रुपये सरकारी झाले. निविदा भरता येणारी माणसं मंडळावर आली आणि गावचे दोघे गळाले. बैठका नगरला होऊ लागल्या. ठरावबहीत उरलं देयक, उपयोगिता प्रमाणपत्र, मुदतवाढ. कागदावर पूर्ण झालेले समतल चर शिवारात अर्धवट होते. एका मावशींनी मला तिथे नेऊन दाखवलं. देयक अडकेल म्हणून मी गप्प बसलो. ते देयक तरीही १४ महिने रखडलं. कार्यकर्त्यांचे पगार थकले, ठेवी मोडाव्या लागल्या.

याच जिल्ह्यात दुसरी रीत होती. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून १९९० च्या दशकात आलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात कामाचा पैसा गावच्या पाणलोट समितीच्या खात्यात यायचा, संस्थेची सही सोबत असायची. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी त्यातूनच उभं राहिलं. पैसा तिथेही बाहेरचाच होता, पण जाब गावाला द्यावा लागे.

सरकारी काम जरूर घ्या, पण काही गोष्टी आधी ठरवा. मंडळावर निम्मी माणसं ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांच्यातली ठेवा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. त्यावर सही करताना विचारा, गेलं कोण आणि आलं कोण. सहा महिन्यांचे पगार भागतील एवढी ठेव नसेल तर करार करू नका. मोजमाप ग्रामसभेत वाचल्याशिवाय देयक पाठवू नका.

आणि आजच शेवटच्या तीन बैठकांची इतिवृत्तं काढून वाचा. त्यांत गावातल्या एकाही माणसाचा प्रश्न नसेल, तर पुढची निविदा भरू नका. आधी पारावर जाऊन बसा.