गोलचा जल्लोष आणि हृदयरुग्ण

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे असून त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. अर्जेंटिनाचा गोल झाला की ते खुर्चीतून उसळून ओरडतात. त्यांचे सामने पाहणे बंद करावे का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बंदीची सहसा गरज नसते. गोलच्या क्षणी अ‍ॅड्रिनलिन, म्हणजे मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून स्रवणारे उत्तेजक संप्रेरक, वाढून नाडी व रक्तदाब थोडा वेळ चढतात. प्रकृती स्थिर असलेल्या आणि नियमित औषधे घेणाऱ्या बहुतेक रुग्णांना हा चढ सोसतो. तथापि २००६च्या विश्वचषकात म्युनिक परिसरात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना सुमारे २.६६ पट नोंदल्या गेल्या आणि पूर्वीपासून हृदयविकार असलेल्यांत ही वाढ अधिक होती, ही बाब दुर्लक्षिता येत नाही. त्यामुळे वडिलांना आनंद मनमुराद लुटू द्यावा, परंतु रात्रीची गोळी सामन्याच्या नादात चुकू नये, सिगारेट आणि मद्य टाळावे, सोबत कोणीतरी असावे आणि पुढच्या तपासणीत हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. छातीत दाब, घाम किंवा धाप जाणवल्यास सामना संपण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.