चाळीसपट विजेचा क्लास

माझे साडेसहा हजार परत मिळणार नाहीत, हे आता मी धरूनच चालले आहे. पण त्याच हॉलमध्ये पुन्हा 'रेझोनन्स ऊर्जा शिबिर' भरणार असल्याचं कळलं, आणि मग गप्प बसवेना.

मला इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं होतं. फुकटची वीज नको होती. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एलसीआरची मांडणी मीच करून देते, मुलं रीडिंग घेतात आणि जातात. कधीतरी स्वतः कॉइल गुंडाळावी, पल्स द्यावा, रेझोनन्स कुठे लागतो ते बघावं, एवढीच हौस. जाहिरातीत 'हाताने शिका' असं ठळक छापलेलं होतं. हाताने शिकवलं ते एवढंच, की तयार गुंडाळलेल्या कॉइलची दोन टोकं कुठल्या स्क्रूला लावायची. तीही इनॅमल न खरवडता दिलेली. ते पॉलिश पेपरने घासल्याशिवाय सोल्डर धरत नाही, हे सगळ्यांना मीच सांगितलं. त्याबद्दल 'ताईंना फार माहिती आहे' असा टोमणा मिळाला.

सरांचा हातखंडा प्रयोग असा. १२ व्होल्टची बॅटरी, ५५५ टायमर, एक मॉसफेट, मोठी कॉइल आणि तिच्याशी जुळवलेला कपॅसिटर. फ्रिक्वेन्सी साधारण १ किलोहर्ट्झ. बॅटरीतून पाव अँपिअर जायचा, म्हणजे ३ वॅट. कॉइलवर मीटर १२० व्होल्ट दाखवायचा आणि तिच्यातला करंट १ अँपिअर. मग फळ्यावर गुणाकार : १२० वॅट. "तीन दिले, एकशेवीस घेतले. चाळीसपट!" टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी लगेच शेतावरच्या पंपाची चौकशी सुरू केली.

मी विचारलं, "सर, फेज?" बस, एवढंच. उत्तर आलं, "ताई, पुस्तकी चष्मा काढा." स्कोप लावून बघू या म्हटलं, तर म्हणे स्कोप लावला की रेझोनन्स मोडतो. अर्धवट ज्ञान कसं वापरतात ते इथे बघा. स्कोपच्या १०एक्स प्रोबला स्वतःचा कपॅसिटन्स असतो, हे खरं; पण तो १५ पिकोफॅरडच्या आसपास. सरांच्या सर्किटमध्ये मायक्रोफॅरडच्या वरचा कपॅसिटर होता. जवळजवळ लाखाचा फरक. त्याने काय मोडणार?

शेवटच्या दिवशी मी गाडीचा २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब पर्समधून नेला. आउटपुटच्या वाइंडिंगला तोवर एलईडींची माळ लटकत होती, आणि ती झगमगत होती. तिचं कौतुक नको. एलईडी एक-दोन मिलिअँपिअरवरही दिसण्याइतका पेटतो, शंभर लावले तरी अर्ध्या वॅटच्या आसपास काम भागतं. सर चहाला वळले तेव्हा मी माळ काढून बल्ब लावला. १२० व्होल्टचा आकडा धाडकन खाली आला. मी पंखा बंद केला, हाताचा आडोसा करून फिलामेंट पाहिली. लालसुद्धा झालेली नव्हती. जिथे १२० वॅट आहेत म्हणून टाळ्या पडल्या, तिथे २१ वॅटचा दिवा धुगधुगतही नव्हता! सर परत आले, त्यांनी आधी मीटरच्या वायरी उपटल्या आणि म्हणाले, "लोड चुकीचा लावलात." कुठला लोड बरोबर, हे आजतागायत सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी मला क्लासच्या ग्रुपवरून काढलं.

गौडबंगाल असं काही नाही. रेझोनन्समध्ये कॉइलवरचं व्होल्टेज शिखरावर असतं तेव्हा तिच्यातला करंट शून्याजवळ असतो, आणि करंट शिखरावर तेव्हा व्होल्टेज शून्याजवळ. दोन्हींचा नुसता गुणाकार म्हणजे खर्ची पडलेली वीज नव्हे. तीच ऊर्जा कॉइल आणि कपॅसिटर यांच्यात येरझाऱ्या घालते. बॅटरीचे ३ वॅट तारेचा रेझिस्टन्स, गाभा आणि मॉसफेट तापवण्यात जातात. ते चाळीस म्हणजे सर्किटचा क्यू फॅक्टर. लयीत हलके रेटे देत झोका उंच जातो, म्हणून कुणी तो रहाटाला बांधून पाणी काढत नाही. बांधला की झोका थांबतो.

आता ज्यांना खरंच शिकायचं आहे त्यांच्यासाठी.

साहित्य किटमध्ये घेऊ नका. पुण्यात तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे. वाइंडिंगची तार वजनावर मिळते. सुरुवात १ मिलिहेन्री आणि ०.१ मायक्रोफॅरडपासून करा. रेझोनन्स १५.९ किलोहर्ट्झच्या आसपास लागला पाहिजे. मग कपॅसिटर चौपट करा. फ्रिक्वेन्सी निम्मी झाली तर तुम्हाला सूत्र समजलं. साध्या मीटरची एसी मोजणी ५० हर्ट्झच्या साइन लहरीसाठी असते. किलोहर्ट्झच्या पल्सवर त्याचा आकडा ब्रह्मवाक्य मानू नका.

कॉइलचा करंट एकदम तोडला की १२ व्होल्टवरही शेकडो व्होल्टचा झटका उसळतो. आयआरएफ ५४० मॉसफेटची मर्यादा १०० व्होल्ट. ते बिचारं किती सोसणार? कॉइलवर उलटा डायोड हवाच, आणि जलद पल्स असतील तर १एन४००७ ऐवजी यूएफ४००७. कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा करा, स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून नव्हे. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला नवख्याने हात लावू नये. पुस्तकं वाचा, घाई करू नका, पैसे देताना पावती घ्या. मला मिळालेली 'देणगी' म्हणून होती, हे घरी येऊन कळलं.

'दुसरी बॅटरी आपोआप भरते' असं कुणी दाखवलं, तर चार्जिंग तोडल्यावर लगेच मोजलेले व्होल्ट मानू नका. ते वरवरचे असतात. बॅटरी रात्रभर ठेवा, मग बल्ब लावा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची चांगली बॅटरी तो २१ वॅटचा बल्ब तीनेक तास चालवते. १०.५ व्होल्टला थांबा.

सर पेटंटचा अर्ज क्रमांक भिंतीवर लावतात. अर्ज कुणीही करू शकतो. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(अ) वाचा : प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणारा दावा पेटंटयोग्य शोधच ठरत नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ मध्येच अविरत चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणं बंद केलं. आणि टेस्लांचं नाव ऊठसूट घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की त्यांच्या १८९१ च्या कॉइलला वीज बाहेरून द्यावी लागत होती.

ज्यांनी पैसे भरलेच आहेत त्यांनी शिबिराला एक लिटर पाणी आणि थर्मामीटर घेऊन जा. स्कोप लागत नाही. १२० वॅट खरे असतील तर पाण्यात बुडवलेल्या रेझिस्टरने ६ मिनिटांत पाणी सुमारे १० अंशांनी तापलं पाहिजे. लोड कोणता लावायचा ते सरांनाच निवडू द्या. तापलं तर माझे शब्द मी मागे घेईन. नाही तापलं, तर हॉल सोडण्याआधी, सगळ्यांसमोर, पैसे मागा. मी एकटीने मागितले होते.