श्रद्धा आणि संशय : व्हिक्टोरियन काव्यातील ईश्वरप्रेम

प्रस्तावना

इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीत (१८३७–१९०१) विज्ञानाची झपाट्याने प्रगती झाली. पृथ्वीचे वय काही हजार वर्षे आहे, या पारंपरिक समजुतीला भूगर्भशास्त्राने धक्का दिला. खडकांतील जीवाश्मांवरून अनेक प्राणिजाती समूळ नष्ट झाल्याचे दिसले. मग सृष्टीचा निर्माता प्रेमळ आहे, असे कसे मानावे? या प्रश्नाला दोन कवींनी कसे तोंड दिले, ते या पाठात पाहू.

संशयातून श्रद्धेकडे

आल्फ्रेड टेनिसन (१८०९–१८९२) यांचे जिवलग मित्र आर्थर हॅलम १८३३ मध्ये व्हिएन्ना येथे वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी निधन पावले. या आघातातून टेनिसन सुमारे १७ वर्षे लहानलहान कविता लिहीत राहिले. त्या १८५० मध्ये ‘इन मेमोरियम’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. प्राणिजातींचीही पर्वा न करणाऱ्या निसर्गात एका माणसाचे मोल ते काय, असा प्रश्न कवी विचारतो. तो आपला संशय दडपून ठेवत नाही. श्रद्धा पुराव्याने सिद्ध करता येत नाही, हेही तो मान्य करतो. मात्र मित्रावरील प्रेम मृत्यूनंतरही उरते, या अनुभवातून त्याला ईश्वरी प्रेमाची खूण पटते. १८६१ मध्ये पती आल्बर्ट यांच्या निधनानंतर राणीला याच काव्याने धीर दिला.

प्रेमातील तक्रार

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स (१८४४–१८८९) हे जेझुइट धर्मगुरू होते. त्यांची व्यथा निराळी होती. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी त्यांना शंका नव्हती. ज्याला सर्वस्व वाहिले, तोच दूर का गेला, हे त्यांचे दुःख होते. डब्लिन येथे अध्यापन करताना, एकाकी अवस्थेत, त्यांनी हे दुःख सुनीतांत मांडले. त्यांची तक्रार ईश्वराविरुद्ध आहे, पण ती ईश्वरापाशीच केलेली आहे. ज्याच्याशी नाते तुटले, त्याच्याकडे कोणी गाऱ्हाणे नेत नाही. म्हणूनच ही तक्रार प्रेमाचेच रूप ठरते. त्यांचा काव्यसंग्रह १९१८ मध्ये, मृत्यूनंतर २९ वर्षांनी, प्रसिद्ध झाला.

दोन्ही कवींच्या ठायी संशय हा श्रद्धेचा शेवट नाही. ती तिची कसोटी आहे.

पाठगत प्रश्न

१. भूगर्भशास्त्रामुळे कोणता प्रश्न निर्माण झाला?
२. टेनिसन यांना ईश्वरी प्रेमाची खूण कशातून पटली?
३. ‘तक्रार हेही प्रेमाचे रूप असते.’ हॉपकिन्स यांच्या संदर्भात हे विधान स्पष्ट करा.