शेअरच्या भावाचा आलेख : काढावा कसा आणि वाचावा कसा

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी "मुलांना आणि घरच्या वडीलधाऱ्यांना उपयोगी पडेल असे काही लिहा," अशी चिटणीसांची सूचना आली. मी शाळामास्तर. शेअरबाजाराचा जाणकार नव्हे. परंतु हल्ली पेडण्यासारख्या गावातही मोबाईलवर शेअर घेतले-विकले जातात आणि पुष्कळ पालक आलेख दाखवून "हे काय आहे?" असे विचारतात. म्हणून हा विषय घेतला.

आलेख म्हणजे आकड्यांचे चित्र. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेषांनी मांडून दाखविले, तेव्हापासून ही रीत युरोपात रूढ झाली. जपानात तांदळाचे व्यापारी भावाची नोंद मेणबत्तीसारख्या आकृतीने करीत. तीच रीत आज जगभर चालते. आपल्याकडे १८७५ साली मुंबईत शेअर दलालांची संघटना स्थापन झाली आणि त्यातूनच आजचा मुंबई शेअरबाजार उभा राहिला.

दर दिवसाचे चार भाव असतात. बाजार उघडताना असतो तो उघडता भाव, दिवसातला सर्वांत वरचा तो उच्च भाव, सर्वांत खालचा तो नीच भाव आणि बाजार मिटताना राहतो तो बंद भाव. उच्च व नीच यांना जोडणारी बारीक रेघ ही मेणबत्तीची वात, आणि उघडता व बंद यांमधला जाड भाग हे तिचे अंग. एक्सेलमध्ये नेहमीच्या ठेवणीत चढत्या दिवसाचे अंग पांढरे आणि उतरत्या दिवसाचे काळे येते.

आता आलेख काढू. शाळेच्या संगणकावर एक्सेल उघडावे. पहिल्या ओळीत शीर्षके द्यावीत : तारीख, उघडता, उच्च, नीच, बंद. खाली एकेका दिवसाची ओळ भरावी. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्याचे कारण पुढे येईल. रोज हाताने आलेख काढणे कंटाळवाणे असते, म्हणून संगणकाला एकदाच आज्ञांची यादी लिहून द्यावी. तिला मॅक्रो म्हणतात. 'ऑल्ट' व 'एफ-अकरा' या कळा एकत्र दाबल्या की ती लिहिण्याची जागा उघडते. आज्ञा इंग्रजीत लिहाव्या लागतात. त्यांचा आशय पुढीलप्रमाणे असावा.

पहिली आज्ञा : तारखेच्या स्तंभात शेवटून वर येऊन भरलेली शेवटची ओळ शोध. असे केल्याने उद्या नवी ओळ भरली तरी मॅक्रो बदलावा लागत नाही.

दुसरी आज्ञा : प्रत्येक ओळ तपास. उच्च भाव बाकी तिन्हींपेक्षा कमी नसावा आणि नीच भाव बाकी तिन्हींपेक्षा जास्त नसावा. तसे नसेल तर ओळीचा क्रमांक सांगून थांब.

तिसरी आज्ञा : नवा आलेख मांड, त्याला सर्व आकडे दे आणि मगच 'उघडता-उच्च-नीच-बंद' हा प्रकार निवड. आकडे देण्याआधी प्रकार निवडला तर एक्सेल अडून बसते.

चौथी आज्ञा : खालच्या अक्षावर तारखा साध्या नावांप्रमाणे धर, म्हणजे शनिवार-रविवारच्या रिकाम्या जागा पडणार नाहीत.

शेवटी फाईल जतन करताना मॅक्रो राखून ठेवणारा प्रकार निवडावा. नाहीतर आलेख राहतो आणि आज्ञा नाहीशा होतात.

आता दुसऱ्या आज्ञेची कथा. माझ्या शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीचे पैसे हाती होते. एका कंपनीच्या शेअरचा आलेख काढून द्या, असे ते मला म्हणाले. मी गूगल शीट्समध्ये भाव मिळविले आणि तिथल्या मेणबत्तीच्या आलेखासाठी स्तंभ लावले. तिथे क्रम निराळा लागतो : नीच, उघडता, बंद, उच्च. तेच स्तंभ मी जसेच्या तसे एक्सेलमध्ये आणले आणि आलेख काढला. सगळ्याच मेणबत्त्या पांढऱ्या! एकही दिवस उतरता नाही. गुरुजी हरखले आणि म्हणाले, "मास्तर, हा तर पडतच नाही!" मलाही आनंद झाला. रात्री मात्र झोप लागेना, कारण त्या महिन्यात बाजार पडल्याचे मीच वर्तमानपत्रात वाचले होते.

चूक अशी होती. एक्सेल नावे वाचीत नाही, जागा वाचते. पहिला स्तंभ उघडता आणि शेवटचा बंद, असे ते समजते. समजा, एके दिवशी भाव १०४ वर उघडला, १०५ पर्यंत चढला, ९७ पर्यंत उतरला आणि ९९ वर मिटला. दिवस तोट्याचा. पण स्तंभ ९७, १०४, ९९, १०५ असे लावले तर एक्सेल '९७ वर उघडला, १०५ वर मिटला' असे धरते आणि पांढरी मेणबत्ती काढते. नीच भाव पहिला आणि उच्च भाव शेवटचा असला की रोजचा दिवस चढताच दिसणार! एक्सेलने तक्रारही केली नाही, कारण स्तंभ मोजून चार होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गुरुजींच्या घरी गेलो आणि चूक कबूल केली. पैसे अजून घरातच होते, हे नशीब. त्या दिवसापासून तपासणीची आज्ञा माझ्या मॅक्रोत कायम आहे. वरच्या चुकीच्या ओळीत 'उच्च' म्हणून १०४ येतो आणि शेवटी १०५ असतो. मॅक्रो तिथेच थांबला असता.

आकडे बरोबर असूनही आलेख फसवू शकतो. २०० चा भाव २१० झाला तर वाढ अवघी पाच टक्के. पण उभा अक्ष शून्याऐवजी १९८ पासून सुरू केला तर तीच वाढ डोंगरासारखी दिसते. तसेच १० रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे २ रुपयांचे पाच शेअर केले, की ५०० चा भाव १०० च्या आसपास येतो. आलेखात कडा कोसळलेला दिसतो, पण शेअरधारकाचे त्यात काही गेलेले नसते.

तिसरी गोष्ट आपल्या शेजारच्या डिचोली तालुक्यातली. तिथल्या खनिजाशी जोडलेली 'सेसा गोवा' ही कंपनी १९५४ सालची. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले अशा किती घरांची चूल त्याने मंदावली, हे आपण पाहिले आहे. २०१३ साली ही कंपनी विलीनीकरणानंतर 'सेसा स्टरलाइट' झाली आणि २०१५ साली तिचे नाव 'वेदांत' झाले. जस्त, ॲल्युमिनियम, तेल असे व्यवसाय तिच्यात आले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द ठरविले. म्हणून २०१० पासून आजपर्यंतची रेघ एका सुरात ओढून "गोव्याच्या खाणींचे असे झाले" असे म्हणणे चुकीचे. रेघ एक असली तरी तिच्यामागची कंपनी तीच राहिलेली नाही. आणि बंद पडलेल्या गॅरेजचा आलेख तर कोणीच काढीत नाही.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन यांचे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेल्याचे आढळले. त्यांच्याही समोर आलेख होतेच. आलेख झालेले सांगतो. होणारे सांगत नाही.

आपल्या ट्रस्टच्या कीर्द-खतावणीत जमाखर्च जुळल्याशिवाय हिशेबनीस सही करीत नाहीत. तीच शिस्त संगणकालाही लावावी. मुलांनो, मॅक्रो जरूर शिका. त्याने श्रम वाचतात. परंतु आलेख काढल्यावर कोणताही एक दिवस निवडून त्याचे चारही भाव मूळ आकड्यांशी ताडून पाहा. या कामाला पाच मिनिटे लागतात. वडीलधाऱ्यांनो, कोणी सुंदर चढता आलेख घेऊन दारी आला, तर त्याच्याकडे आधी आकड्यांचा तक्ता मागा. तो देता आला नाही, तर चहा पाजून त्याला निरोप द्या.