'रिबेका' आणि 'कोहरा' : न दिसणाऱ्या बाईची गोष्ट



दिवाळीच्या सुट्टीत आईबरोबर 'कोहरा' पाहिला. १९६४ चा हिंदी चित्रपट. आईला त्यातली गाणी पाठ आहेत, म्हणून ती खूश. मी मात्र हिरमुसले, कारण ज्या कादंबरीवर तो बेतलाय ती मी डी.एड.च्या वर्षात शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली होती. डॅफ्नी द्यू मॉरिए या इंग्रज लेखिकेची 'रिबेका', १९३८ सालची.

गोष्ट थोडक्यात सांगते. एक साधी, अनाथ मुलगी श्रीमंत विधुराशी लग्न करून मॅन्डर्ली नावाच्या मोठ्या वाड्यात येते. पहिली बायको रिबेका वारलेली आहे. पण तिच्या नावाचं अक्षर रुमालावर आहे, तिची चप्पल आणि केसांचा ब्रश खोलीत जिथल्या तिथे आहे, आणि त्या सगळ्याची राखण करणारी मिसेस डॅनव्हर्स ही कारभारीण आहे. रिबेका पूर्ण पुस्तकात एकदाही समोर येत नाही. भूत नाही, किंकाळी नाही, तरी मी तेव्हा हॉस्टेलच्या बाथरूमला एकटी जात नव्हते!

आणखी गंमत म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या या मुलीला लेखिकेने नावच दिलेलं नाही. मेलेल्या बाईचं नाव पानापानावर, जिवंत बाईला नाव नाही. एका प्रसंगात घरातला फोन वाजतो, पलीकडून "मिसेस डी विंटर?" असं विचारतात, आणि ही गोंधळून सांगते की त्या तर वर्षापूर्वीच वारल्या. ते नाव आता तिचंच आहे हे तिच्या लक्षातच येत नाही. दुसऱ्या प्रसंगात तिच्या हातून चिनी मातीची मूर्ती फुटते आणि ती तुकडे टेबलाच्या खणात लपवते. घराची मालकीण असून! आपल्या वर्गात खडूचा डबा सांडल्यावर पायाने खडू बाकाखाली ढकलणारी पोरं आठवा. भीती म्हणजे काय, हे मला त्या तुकड्यांवरून कळलं.

हिचकॉकने १९४० मध्ये 'रिबेका' केला, त्याला ऑस्करही मिळालं. तेव्हाच्या सेन्सॉरच्या नियमांमुळे त्याला रिबेकाच्या मृत्यूचं कारण बदलावं लागलं. पण दोन गोष्टी त्याने सोडल्या नाहीत. नायिका बिननावाचीच ठेवली आणि रिबेकाला दाखवलं नाही. नवरा त्या रात्रीची हकिकत सांगतो तेव्हा कॅमेरा रिकाम्या खोलीत फिरतो, ती जिथून उठली, जिथे चालली तिथे तिथे. आपण रिकामी जागाच बघत राहतो.

'कोहरा'त नायिकेला नाव मिळालं, राजेश्वरी. वहिदा रेहमान दिसतेही सुंदर. आणि वारलेल्या पूनमला मिळालं गाणं. रात्री सूर येतात, ही बिचारी घाबरते. हेमंतकुमारांची चाल अप्रतिम आहे, वाद नाही. निर्मातेही तेच. त्यांचा आणि दिग्दर्शक बीरेन नाग यांचा 'बीस साल बाद' १९६२ मध्ये जोरात चालला होता, तेव्हा तोच मसाला पुन्हा वापरावासा वाटणं साहजिक आहे. पण पूनम गायला लागली की मला भीती वाटेनाशी होते. मी गाणं ऐकत बसते.

चित्रपट सावरतात त्या आपल्या येवल्याच्या ललिता पवार. दाईमाँ नुसती दारात उभी राहते. अर्ध्या मिटलेल्या डोळ्याने बघते. त्यांच्यावर भरवसा ठेवून गाण्यांना थोडी कात्री लावली असती तर!

आता हे सगळं प्राथमिकच्या बाईंनी का लिहावं? कारण हीच चूक मी केलीय.

पावसाळ्यात चौथीच्या वर्गात एक गोष्ट सांगितली होती, रिकाम्या घराची. मग "त्या घरात कोण राहायचं, त्याचं चित्र काढा" म्हटलं. आमच्या मोरव्याची मुलं ती. कुणी वाळत घातलेलं जाळं काढलं, कुणी मिठागराचं फावडं. एका मुलीने खाटेखाली पानाचा डबा काढला, बस. तिची आजी त्याच वर्षी गेली होती. माणूस चित्रात नव्हताच, आणि ती ते कितीतरी वेळ रंगवत होती.

पुढच्या आठवड्यात मला वाटलं, आणखी मजा आणू. वर्गातल्या टीव्हीवर भुताच्या गोष्टीचा एक व्हिडिओ लावला. मुलं ओरडली, हसली, तास छान गेला. पुन्हा चित्र काढायला सांगितलं तर जवळजवळ सगळ्या वह्यांत पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय. त्या मुलीच्याही वहीत. दोन मिनिटांत काढून तिने वही मिटली.

पालकहो, झोपताना मोबाईलवर गोष्ट लावून देता त्याला माझी ना नाही, दिवसभर राबून आल्यावर मीही माझ्या मुलाला लावून देते. पण आठवड्यातून एक रात्र दिवा बारीक करून तोंडी सांगून बघा. भूत कसं दिसतं असं त्याने विचारलं तर सांगू नका, त्यालाच विचारा.

या शनिवारी आम्ही तो तास पुन्हा घेणार आहोत, टीव्ही बंद ठेवून. घरातल्या कुणाची तरी एक जुनी वस्तू आणायची आणि ती कुणाची ते न सांगता तिच्याबद्दल पाच वाक्यं लिहायची. काल मधल्या सुट्टीत ती मुलगी विचारून गेली, "बाई, डबा आणला तर चालेल का? त्यात सुपारी आहे अजून."